डाव्या मोटरीचा ताप

इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टच्या कंट्रोलरला, म्हणजे मोटरीला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेला, मोटरीचे तापमान थेट कधीच कळत नाही. मोटरीतल्या तांब्याच्या तारेच्या वेढ्यांना, म्हणजे वाइंडिंगला, चिकटून एक लहानसा सेन्सर बसवलेला असतो, त्याच्या दोन बारीक तारा हार्नेसमधून, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्यातून, कंट्रोलरपर्यंत येतात आणि कंट्रोलर त्या दोन तारांमधला रोध, म्हणजे कारखान्याच्या बोलीतला रेझिस्टन्स, मोजत राहतो. इतके ओहम झाले तर इतके अंश समजायचे, असा एक तक्ता त्याच्यात आधीच भरून ठेवलेला असतो आणि त्या तक्त्यावरून तो मोटर तापली की नाही ते ठरवतो. पडद्यावर तापमानाचा लाल इशारा उमटतो तेव्हा त्यामागे सेन्सर, तारा आणि तक्ता अशा तिघांची साक्ष असते. सेन्सरवर आणि तारांवर शंका घ्यायला सगळे शिकलेले असतात. तक्त्याकडे मात्र सर्वांत शेवटी लक्ष जाते आणि तोपर्यंत बरेच काही बिघडून गेलेले असते.

हे मी एका विशिष्ट गाडीमुळे लिहीत आहे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारे कारखाने आहेत. त्यांतल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम माझ्याकडे होते. गोठवलेली कोळंबी आणि माकुल उणे १८ अंशांखाली ठेवावी लागते, म्हणून आमची कोल्ड रूम उणे २० च्या आसपास चाले, आणि दाराबाहेरच्या डॉकवर, म्हणजे माल चढवण्याच्या कट्ट्यावर, कोकणातली दमट हवा असे. या दोन हवामानांच्या मध्ये दिवसभर ये-जा करणारी आमची फोर्कलिफ्ट तीन चाकांची, ४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर चालणारी होती. पुढच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटरी, प्रत्येक मोटरीला आपला कंट्रोलर आणि आपला सेन्सर, अशी तिची रचना होती. ही जोडीची रचना तपासणीला फार उपयोगी पडते, कारण एकाच फरशीवर, एकाच ओझ्याखाली धावणाऱ्या दोन मोटरी एकमेकींच्या साक्षीदार असतात.

तक्रार अशी होती की तासभर काम झाले की डावी मोटर तापल्याचा इशारा येई आणि गाडीचा वेग आपोआप निम्म्यावर येई. थोडा वेळ उभी ठेवली की इशारा जाई, पुन्हा कामाला लावली की परत येई. उन्हाळ्यात डॉकवर जास्त राहिली तर लवकर येई, कोल्ड रूममध्ये जास्त वेळ असली तर उशिरा. वागणे अगदी खऱ्या तापण्यासारखे होते आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही. शिवाय ही डावी मोटर काही महिन्यांपूर्वी जळाली होती आणि बाहेरच्या एका वर्कशॉपमधून रिवाइंड करून, म्हणजे नवे वाइंडिंग भरून, आणलेली होती. वाइंडिंग कच्चे झाले आहे, तार हलकी वापरली आहे, वार्निश नीट भरले नाही, असे तर्क सुरू झाले. तर्क चुकीचे असले तरी अवाजवी नव्हते. रिवाइंड केलेली मोटर जास्त तापणे ही कारखान्यांत नेहमी दिसणारी गोष्ट आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मला अनेकांकडून ऐकावा लागला. उणे २० अंशांच्या खोलीत काम करणारी मोटर तापणारच कशी, तेव्हा इशारा खोटाच असणार, असे म्हणून मोकळे होता येत नाही. थंडीत गिअरचे तेल आणि बेअरिंगचे ग्रीस घट्ट होते, ब्रेकच्या सांध्यांत साचलेले पाणी गोठून ब्रेक अर्धवट लागलेला राहू शकतो, बॅटरीची क्षमता घटून तिचे व्होल्टेज लवकर खाली येते आणि तेवढीच शक्ती मिळवायला जास्त करंट ओढावा लागतो. बाहेरची हवा गोठवणारी असतानाही आतले तांबे भाजून निघू शकते. म्हणून आधी इशारा खरा मानून तपासणी केली. गाडी जॅकवर घेऊन, ठोकळे लावून दोन्ही चाके हाताने फिरवून पाहिली. दोन्ही सारखीच मोकळी होती. सरळ रेषेत, एकाच वेगाने चालवताना दोन्ही मोटरींचा करंट जवळजवळ सारखा होता. इशारा लागलेला असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरींच्या बाहेरच्या कवचांचे तापमान पाहिले, तर डावीचे आणि उजवीचे पन्नासच्या आसपास, दोन-तीन अंशांच्या फरकाने.

कवच पन्नास असताना आतले वाइंडिंग त्याहून काही दशांशांनी नव्हे, तर चांगले वीस-तीस अंशांनी गरम असू शकते, हे खरे. परंतु या गाडीत इशाऱ्याची मर्यादा १४५ अंशांवर ठेवलेली होती. कवच आणि वाइंडिंग यांच्यात जवळपास शंभर अंशांचे अंतर राहणे मला पटेना. इलेक्ट्रिशियनला पटत होते. त्याचे म्हणणे असे की आत शॉर्ट होऊ पाहणारा एखादाच वेढा जास्त तापत असेल आणि सेन्सर नेमका त्याला टेकलेला असेल. हा मुद्दा खोडून काढणे कठीण होते आणि त्याने तो आडमुठेपणाने मांडलेलाही नव्हता.

गाडी चालवणारे मामा मूळचे पनवेलजवळच्या गावातले आणि वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे. त्यांना विचारले तेव्हा त्यांनी फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “साहेब, मागे ही मोटर जळाली ना, तेव्हा दोन दिवस आधीपासून वास येत होता. मी सांगितलं होतं. आता वास नाही. गाडी चढावर दमतही नाही. नुसता दिवा लागतो आणि मग ती मुद्दाम हळू चालते.” तापलेल्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही, आणि दिवसातले आठ तास त्या मोटरीच्या वर बसणाऱ्या माणसाचे नाक हे कोणत्याही सेन्सरइतकेच विचारात घेण्यासारखे साधन आहे. तपासणी ऑपरेटरच्या शब्दापासून सुरू व्हावी, असे माझे ठाम मत आहे. कित्येक ठिकाणी त्याला फक्त “गाडी कुठे ठेवली आहेस” एवढेच विचारले जाते, याचे मला वाईट वाटते.

दरम्यान कामाचा ताण वाढत होता. न्हावा शेवा बंदरात कंटेनर ठराविक वेळेच्या आत पोहोचला नाही तर जहाज चुकते. डॉकवर रीफर, म्हणजे शीतकरणाची सोय असलेला, कंटेनर लागलेला आणि फोर्कलिफ्ट निम्म्या वेगाने सरपटते आहे, हे दृश्य कोणत्याही शिफ्ट-इनचार्जला सहन होणारे नसते. अशा वेळी एक उपाय हमखास सुचवला जातो आणि तो इथेही सुचवला गेला: सेन्सरच्या तारा काढायच्या आणि त्यांच्या जागी सहाशेवीस ओहमचा एक साधा रेझिस्टर लावून टाकायचा. कंट्रोलर मग मोटर कायम २९ अंशांवरच आहे असे समजतो. गाडी पळते, कंटेनर वेळेत निघतो आणि सगळे खूश होतात. मी याला नकार दिला आणि तो नकार टिकवण्यासाठी मला बरेच बोलावे लागले. मोटरीचे इन्सुलेशन एफ वर्गाचे असेल तर ते १५५ अंशांपर्यंत टिकण्यासाठी बनवलेले असते. त्या मर्यादेवर दर दहा अंशांच्या वाढीला इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. खोट्या इशाऱ्यावर असा रेझिस्टर लावला की पुढचा खरा इशाराही आपण आजच बंद करून ठेवतो. जो रेझिस्टर एका रात्रीपुरता म्हणून लावतात, तो वर्षानुवर्षे तिथेच राहतो. तो लावणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि नव्या माणसाला तो दिसतही नाही.

उलगडा करणारी तपासणी अगदी साधी होती. रात्री गाडी डॉकच्या बाजूला चार्जिंगला उभी असे. सकाळी तिची चावी फिरवल्यावर, चाक हलण्याआधी, मी कंट्रोलरमधले आकडे दाखवणारे हातातले उपकरण, म्हणजे प्रोग्रॅमर, लावला आणि दोन्ही मोटरींचे तापमान वाचले. डॉकवरची हवा ३० अंशांची होती. उजवी मोटर ३० अंश दाखवत होती. डावी ११८.

रात्रभर बंद उभी असलेली मोटर ११८ अंशांवर असूच शकत नाही. तीस किलो लोखंड-तांब्याची मोटर पूर्ण शंभर अंशांनी तापवायची तर तिच्यात सुमारे १३५० किलोज्यूल उष्णता साठवावी लागते. मोटरीत एक किलोवॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जात असली तरी त्याला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागेल. उष्णतेला वेळ लागतो, यायलाही आणि जायलाही. म्हणून ज्या वाचनात तापमान क्षणात उडी मारते किंवा रात्रभराच्या विश्रांतीनंतरही उतरत नाही, ते वाचन विजेच्या दोषाचे असते. इतकी सोपी गोष्ट आधी का दिसली नाही, याचे कारण गाडीच्या पडद्यावर तापमानाचा आकडा दिसतच नव्हता. मर्यादा ओलांडली की दिवा, नाही तर काही नाही. ऑपरेटरला दिवा दाखवायचा आणि आकडा लपवायचा, ही रचना मला मान्य नाही. आकडा दिसत असता तर मामांनी पहिल्याच सकाळी येऊन सांगितले असते.

आता संशय तारांवर गेला आणि तसा तो जायलाच हवा होता. शीतगृहातल्या गाड्यांचे कनेक्टर फार सोसतात. उणे २० मधून डॉकच्या दमट हवेत आले की प्रत्येक थंड पिनेवर दव धरते. त्यात मासळीच्या कारखान्यातले खारट पाणी, आणि शीतकरणासाठी अमोनिया वापरत असल्यामुळे कुठे बारीक गळती असेल तर ओलाव्यासोबत तांब्या-पितळेला खाणारा तोही. पिना काळ्या-हिरव्या पडतात, त्यांच्या स्पर्शातला रोध वाढतो, आणि सेन्सरच्या रोधात तो मिळून कंट्रोलरला जास्त तापमान दिसते. आमच्या गाडीत मूळचा सेन्सर केटीवाय ८४ जातीचा होता. सिलिकॉनचा हा सेन्सर तापला की त्याचा रोध वाढतो, आणि नेहमीच्या हवेत दर अंशाला तो साधारण साडेचार ओहमने वाढतो. याचा अर्थ पिनेवर पंचेचाळीस ओहमचा गंज चढला तर मोटर फुकटची दहा अंशांनी तापलेली दिसेल. खोट्या इशाऱ्यांचे हेच कारण बहुतेक वेळा निघते.

बॅटरीचा प्लग काढून, कंट्रोलरच्या कपॅसिटरांत साठलेला चार्ज रेझिस्टरमधून उतरवून मग कनेक्टर उघडले. हा चार्ज उतरवण्याचा टप्पा गाळणारे लोक मी पाहिले आहेत. तो कधीही गाळू नये. पिना आश्चर्य वाटावे इतक्या स्वच्छ होत्या. मग दोन्ही मोटरींच्या सेन्सरांचे प्लग तात्पुरत्या तारा जोडून एकमेकांत बदलून पाहिले: आता उजवा कंट्रोलर ११८ दाखवू लागला आणि डावा ३०. दोष डाव्या मोटरीसोबत चालत गेला, म्हणजे दोन्ही कंट्रोलर निर्दोष. शेवटी हार्नेस पूर्ण वगळून, डाव्या मोटरीतून बाहेर येणाऱ्या सेन्सरच्या दोन तारांवरच मल्टिमीटर लावला. आकडा आला १११७ ओहम. तारा हलवल्या, पिळल्या, ओढल्या. आकडा जागचा हलला नाही.

गंज किंवा तुटत आलेली तार असे वागत नाही. ती हलवली की आकडा नाचतो. ३० अंशांवर केटीवाय ८४ चा रोध ६२६ ओहमच्या जवळ असायला हवा. त्याऐवजी एक शांत, स्थिर १११७ समोर होता, आणि त्या आकड्याकडे पाहत बसलो असताना तो ओळखीचा वाटू लागला. प्लॅटिनमचा पीटी १००० नावाचा सेन्सर शून्य अंशांवर बरोबर १००० ओहम दाखवतो आणि दर अंशाला जवळपास ३.९ ओहमने वाढतो. ३० अंशांवर त्याचा रोध १११७ होतो. सेन्सरमध्ये काहीही बिघाड नव्हता. तो मोटरीचे तापमान अचूक सांगत होता. कंट्रोलर त्याचे उत्तर दुसऱ्याच तक्त्यात शोधत होता; घरात ताप मोजताना फॅरनहाइटच्या थर्मामीटरवरचे अठ्ठ्याण्णव कोणी सेल्सिअस समजून घाबरावे, तसे हे झाले होते.

मग कागद घेऊन दोन्ही तक्ते शेजारी मांडले, तेव्हा या इशाऱ्याने आम्हाला इतके दिवस कसे फसवले ते स्पष्ट झाले. खरे तापमान उणे २० असताना पीटी १००० चा रोध ९२२ ओहम असतो. केटीवायच्या तक्त्यात तो ८७ अंश होतो. खरे ३० असताना दिसणार ११८. खरे ७७ असताना रोध सुमारे १२९८, आणि त्याचे वाचन १४५, म्हणजे नेमकी इशाऱ्याची मर्यादा. जवळपास शंभर अंशांचा खरा प्रवास अठ्ठावन्न अंशांच्या खोट्या पट्ट्यात दाबून बसला होता, पण त्याचा चढ-उतार खरा होता. मोटर खरोखर थोडी तापली की आकडा चढे, विसावली की उतरे. निम्म्याहून कमी ताकदीने काम करणाऱ्या, ७७ अंशांवर निवांत चालणाऱ्या मोटरीला आम्ही आजारी ठरवत होतो, आणि तिचे वागणे आमच्या निदानाला रोज पुष्टी देत होते.

रिवाइंड करणाऱ्या कारागिराला फोन केला. त्याने काही लपवले नाही. जुना सेन्सर मोटरीसोबत जळाला होता, त्याच्यावरचा छापील मजकूर वाचता येत नव्हता, बाजारात मोटरीसाठीचा सेन्सर म्हणून जो मिळाला तो त्याने बसवला. मूळ केटीवाय सेन्सरचे उत्पादन बंद झाल्यापासून कित्येक मोटर-उत्पादक पीटी १००० कडे वळले आहेत, त्यामुळे दुकानदाराने तोच दिला यातही नवल नाही. दोघेही दिसायला सारखेच: स्लीव्हमध्ये गुंडाळलेला लहानसा दाणा आणि दोन तारा. त्याच पाकिटातला एक शिल्लक सेन्सर त्याने पाठवून दिला. मासळीच्या कारखान्यात बर्फाला तोटा नसतो. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडे गोडे पाणी घालून, विरघळत्या बर्फात तो सेन्सर पातळ पिशवीत बांधून बुडवला आणि मीटर लावला. आकडा उतरत उतरत हजारावर येऊन थांबला. शेजारी उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियनने स्वतःच्या हाताने मीटरच्या तारा पुन्हा लावून पाहिल्या आणि मग मान हलवली. वाद तिथे संपला, आणि कोणी कोणाला हरवल्यासारखे न होता संपला, याचे मला विशेष समाधान वाटते.

पण दुरुस्ती काय करायची, हा प्रश्न वाटला तितका सरळ नव्हता. कंट्रोलरमध्ये सेन्सरची जात निवडण्याची सोय होती. डाव्या कंट्रोलरमध्ये केटीवायच्या जागी पीटी १००० निवडले की काम मिनिटात होत होते आणि त्या दिवसापुरते आम्ही तेच केले. तेवढ्यावर थांबायला मात्र माझी तयारी नव्हती, आणि त्याचे कारण तोच कागद उलट वाचला की कळते. समजा सेन्सर केटीवाय आहे आणि तक्ता पीटी १००० चा. मोटर खरोखर १५० अंशांवर पोहोचली तर सेन्सरचा रोध १३३४ ओहम होईल आणि कंट्रोलर त्याला ८७ अंश समजेल. इशारा येणार नाही, वेग कमी होणार नाही, एफ वर्गाचे इन्सुलेशन आपल्या शेवटच्या मर्यादेशी आलेले असताना पडदा कोरा राहील. मोटर जळेपर्यंत कोणाला काही कळणार नाही. आमच्या वाट्याला याच गोंधळाची त्रासदायक पण सुरक्षित बाजू आली होती.

हे निव्वळ कागदावरचे भय नव्हते. डावा आणि उजवा कंट्रोलर एकाच जातीचे, बोल्ट सारखे, प्लग सारखे. पुढे कधी एखादा बिघाड शोधताना कोणीतरी ते एकमेकांत बदलून पाहणारच. आम्हीही सेन्सरांच्या प्लगांच्या बाबतीत तेच केले होते. एकाच गाडीत दोन जातींचे सेन्सर आणि दोन वेगळ्या सेटिंग ठेवल्या, तर त्या दिवशी उजव्या मोटरीचे संरक्षण नकळत निघून जाईल. म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी डावी मोटर उतरवून पुन्हा त्याच कारागिराकडे नेली. सेन्सर वाइंडिंगच्या बाहेर आलेल्या टोकाशी दोरीने बांधलेला होता, त्यामुळे वाइंडिंगला धक्का न लावता तो काढता आला. केटीवाय ८४ च्या तक्त्याशी जुळणारा सेन्सर मिळवायला खटपट करावी लागली, पण मिळाला. तो बांधून, वार्निश देऊन, भट्टीत सुकवून मोटर परत आली आणि डाव्या कंट्रोलरची सेटिंग पूर्ववत केली. मोटरीच्या अंगावर पत्र्याची एक पट्टी रिव्हेटने बसवली आणि तिच्यावर सेन्सरची जात आणि ३० अंशांवरचा त्याचा रोध कोरून घेतला, म्हणजे पुढच्या माणसाला फक्त मल्टिमीटर पुरेल. कारागिराने तेव्हापासून प्रत्येक मोटर उघडताना जुन्या सेन्सरची जात विचारून वहीत लिहून घेण्याचा नेम केला.

शिफ्ट सुरू होण्याआधी आणि संपताना दोन्ही मोटरींची तापमाने वाचून लॉगबुकात लिहायची, असेही ठरवले आणि ते काम मामांनी आपणहून मागून घेतले. त्यांना प्रोग्रॅमर वापरायला शिकवण्यात फार वेळ गेला नाही. काही आठवड्यांनी त्यांनीच लॉगबुक पुढे करून दाखवले की सकाळी दोन्ही आकडे सारखे असतात, पण शिफ्ट संपताना डावी मोटर उजवीपेक्षा तीन-चार अंश वर असते. मी काही बोलण्याआधीच त्यांनी कारणही सांगितले: “भरलेलं पॅलेट घेऊन कोल्ड रूमच्या बाहेर पडताना उजवीकडे वळावं लागतं, साहेब. डावं चाक बाहेरच्या बाजूला, सगळं ओझं तेच ओढतं. आत जाताना डावीकडे वळतो, पण तेव्हा काटे रिकामे.” त्यांचे बरोबर होते. वळताना आतल्या चाकाची मोटर कमी काम करते आणि बाहेरच्या चाकाची जास्त. लॉगबुकात तो फरक आजही दिसतो आणि तो खरा आहे.